न आलेल्या पावसाचा चर

तंबूंच्या वस्तीला जाग येते ती चेनच्या आवाजानं. कोंबडा आरवत नाही, दुधाच्या किटल्या वाजत नाहीत, नळाला पाणी आल्याची गडबड नसते. दवानं जड झालेल्या हिरवळीवर कुठूनतरी एक लांबलचक ‘सर्र’ उमटतं, मग क्षणभर शांतता, मग पलीकडच्या टोकाला दुसरं, मग अगदी कानाशी तिसरं, आणि एकेका कापडी घराचं तोंड उघडून एकेक विस्कटलेलं डोकं बाहेर येतं. ओल्या गवताचा, कॉफीचा आणि दिवसभर तापून आता निवलेल्या कापडाचा वास त्या आवाजात मिसळलेला असतो. गेल्या मे महिन्यात युरोपातल्या वेगवेगळ्या नद्यांच्या काठी मी हा आवाज आत पडून ऐकला. आमच्या तंबूची चेन आज आधी कोण उघडणार, सागर की मी, याचा विचार करत राहायचे. कारण चेन उघडली की दिवस सुरू होणार, आणि दिवस सुरू झाला की बोलावं लागणार!

नवऱ्याशी बोलायची कसली आली आहे धास्ती, असं तुम्ही म्हणाल. पण बोलणं ज्यांना सहज जमत नाही त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मी लोणावळ्यात, इंग्रजी शाळेत वाढले. शाळेत मराठी बोललेलं चालत नसे आणि घरी इंग्रजी बोललं की मामा-मावश्या हसत. तेव्हा गप्प राहणं हे दोन्हीकडे चालणारं नाणं आहे असा शोध मला फार लहानपणी लागला, आणि ते मी जपून वापरत आले. आता मी पहिलीच्या मुलांना शिकवते. एवढ्याशा माणसांशी माझं उत्तम जमतं. त्यांच्याहून मोठं कुणी समोर आलं की माझे शब्द आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात.

अशी मी, गेल्या वर्षी लग्न होऊन औंढ्याला आले. माहेराहून फार लांब नाही, पण घर निराळं. सागरचं घर शेतीचं; सागर स्वतः आंबीच्या एका कारखान्यात कामाला जातो, आणि शनिवार-रविवारी सगळं घरदार तंबूंच्या मागे धावत असतं. भात कापून झालं की मोकळ्या पडलेल्या खाचरांवर आबा, म्हणजे माझे सासरे, पर्यटकांसाठी तंबू लावतात. मुंबई-पुण्याची माणसं येतात, चुलीवरची भाकरी खातात, चांदण्यांचे फोटो काढतात आणि चिक्कीचे डबे घेऊन परत जातात. त्या तंबूंच्या खुंट्या ठोकत सागर मोठा झाला. स्वतः मात्र तो तंबूत एकदाही झोपला नव्हता.

हा सागर सगळ्या गावाचा लाडका. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा, आईची थट्टा करणारा, पाहुण्यांच्या पोरांना खांद्यावर बसवणारा. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून त्याचं ते मोकळं, मावळी बोलणं ऐकू यायचं आणि मला नकळत हसू यायचं. पण मी बाहेर आले की त्याची वाक्यं एकदम सरळ उभी राहायची. माझ्याशी तो मुलाखतीला बसल्यासारखा बोलायचा: शुद्ध, मोजकं, चूक होऊ नये अशा बेतानं. मी तसंच उत्तर द्यायचे. या सभ्यतेचा अर्थ काय लावायचा? मी लावला तो असा, की आपल्याशी लग्न करून याची फसगत झाली आहे, आणि हा भला माणूस ती निभावून नेतो आहे. घरात माझ्या गप्प राहण्याला तोवर एक नाव मिळालंच होतं: शिष्ट. एक चुलतसासू म्हणाल्या होत्या, “इंग्लिश मीडियमची हाय, आपल्यात कशाला बोलंल?” त्यात दुष्टपणा नव्हता. पण तसं नाही हो, एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.

युरोपचं सागरनंच ठरवलं. तंबूत उतरलेल्या कुणा परदेशी पाहुण्यांनी त्याला सांगितलं होतं, की तिकडे भाड्याची गाडी घ्यावी, शहरं बघत जावं आणि प्रत्येक शहराच्या कडेला तंबूंसाठी राखलेल्या जागा असतात तिथे राहावं. मी मनात हॉटेलं धरून बसले होते. खिडकीत फुलं असलेली, पांढऱ्या चादरींची. सागर म्हणाला, तंबूच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. “हितं लोकं आपल्या तंबूत झोपाया येत्यात, आन तुमी इमानानं तिकडं जाऊन तंबूतच झोपनार व्हय?” सगळे हसले, सागरही हसला, पण त्याचा हट्ट तसूभर हलला नाही. मला त्या हट्टात एकच गोष्ट दिसली. बंद खोलीत, चार भिंतींत माझ्याबरोबर राहायचं त्याला नको आहे.

निघताना माझी आई प्रेमानं म्हणाली, “आता तीन-चार आठवडे दोघंच. खरं काय ते कळेल एकमेकांचं.” खरंच कळलं तर? आमच्या दोघांत बोलण्यासारखं काहीच नाही, असं कळलं तर? औंढ्याच्या घरात ते झाकलेलं होतं. म्हशी होत्या, पाहुणे होते, कुणाची तरी हाक यायची आणि आमची अडलेली वाक्यं सुटायची. गाडीत दोनच सीटा. तिथे हाक कोण मारणार होतं?

गाडी अ‍ॅमस्टरडॅमला ताब्यात घेतली. स्टिअरिंग डावीकडे. सवयीनं सागर उजव्या दाराशी जायचा, मी डाव्या. मग चूक लक्षात येऊन दोघं परत फिरायचो आणि बोनेटसमोर आमची गाठ पडायची. तिथे दोघंही अदबीनं हसायचो, वाट द्यायचो आणि आपापल्या जागी बसायचो. पहिले काही दिवस आमच्यातलं सर्वांत जिव्हाळ्याचं संभाषण ते एवढंच.

शहरं सुंदर होती, हे मला नाकारायचं नाही. अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, त्यांच्या पाण्यात हलणारी अरुंद, एकमेकांना टेकलेली घरं; कलोनचं ते काजळी धरलेलं प्रचंड चर्च, ज्याच्यासमोर उभं राहिलं की मान दुखते आणि मन लहान होतं; स्ट्रासबुर्गमधल्या लाकडी चौकटींच्या भिंती आणि खिडक्यांतून सांडणारी लाल फुलं. दिवसा शहर बघायचं आणि उतरत्या उन्हात नदी ओलांडून तंबूंच्या हिरवळीवर यायचं. जेवणं आटोपली तरी तिथे उजेड संपत नसे. शेवग्यासारख्या पांढऱ्या घोसांनी लगडलेली झाडं दिसायची, त्यांचा गोडसर वास खाली उतरायचा. शेजारच्या, गाडीमागे ओढून आणलेल्या चाकांवरच्या घरांना जाळीचे पडदे, पायरीवर कुंड्या, आणि पुढ्यात खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी जोडपी. भांडी घासायच्या लांब ओट्यावर सगळ्या देशांची माणसं आपापली खरकटी घेऊन जमायची. आमच्या पातेल्याला इंद्रायणी तांदळाचा चिकटा असायचा. आईंनी घरचा तांदूळ बांधून दिला होता. तो शिजायला लागला की दोन-चार माणसं माना वळवून वास घ्यायची.

आणि सागर? सागर त्या हिरवळींवर आपल्या गावात असल्यासारखा फिरायचा. आमचा तंबू लावून झाला की दुसऱ्यांच्या खुंट्या बघायचा. खुंटी सरळ ठोकली असेल तर त्याला राहवायचं नाही. ती तिरकी हवी, दोरीच्या उलट अंगाला. खुणा करून, हसून, तो ती उपटायचा आणि नीट ठोकून द्यायचा. सायकलवरून एकट्या फिरणाऱ्या एका मुलीचा तंबू सारखा कलंडत होता, तो त्यानं असा ताणून दिला की तिनं त्याला अर्धा केक आणून दिला. त्यांची भाषा येत नसताना तो त्या सगळ्यांशी गप्पा मारायचा. मी पातेलं घासत ते बघायचे. जगातल्या कुठल्याही माणसाशी हा बोलू शकतो, एक मी सोडून, असं वाटायचं.

माझ्याकडून मी प्रयत्न करत होते. शिक्षिकाच शेवटी! उद्याच्या तासाची तयारी करावी तसे मी उद्याच्या रस्त्याचे विषय मनाशी जुळवून ठेवायचे: त्याच्या कारखान्यातली माणसं, माझ्या वर्गातली पोरं, लहानपणीचे खाऊ. स्ट्रासबुर्ग येईतो विषय संपले. त्यानंतर आमच्या गाडीत सर्वांत जास्त बोलली ती फोनमधली रस्ता सांगणारी बाई. ल्युसर्नच्या तळ्याकाठी तर आम्ही बाकावर बराच वेळ न बोलता बसलो, आणि त्या निळ्याशार पाण्याकडे बघताना मला फक्त परतीचं विमान दिसत होतं. घरी जाऊन मी काय सांगणार होते? की कळलं, आणि जे कळलं ते असं आहे?

मग इन्सब्रुक आलं. शहराबाहेर, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, एका बाईंनी आपल्या बागेसारख्या जागेत तंबूंची सोय केली होती. गवत इतकं सारखं कापलेलं, की चप्पल काढून चालावंसं वाटे. शेजारी एक म्हातारं जोडपं छोट्याशा तंबूत राहत होतं. ती दोघं फिरायला गेली होती. मी कपडे धुवायला गेले तेव्हा डोंगराच्या माथ्यावर एक काळाकभिन्न ढग येऊन बसत होता. आमच्याकडे डोंगरावर असा ढग बसला की वाळत घातलेलं काही अंगणात राहू देत नाहीत.

मी परत आले तर सागर घामाघूम. बागेच्या कडेला ठेवलेलं फावडं त्यानं आणलं होतं आणि आमच्या तंबूभोवती सुरेख, गोल चर खणला होता. गोठ्याभोवती, गंजीभोवती पावसाआधी खणतात तसा. उताराच्या बाजूला पाणी जायला वाटसुद्धा काढलेली. ती वाट शेजाऱ्यांच्या तंबूकडे जात होती. आपलं पाणी दुसऱ्याच्या दारात सोडणं बरं नव्हे, म्हणून त्यानं त्यांच्या तंबूभोवतीही चर खणायला घेतला होता, आणि तो जवळजवळ पुरा होत आला होता. उपटलेल्या गवताच्या लाद्या बाजूला ओळीनं रचून ठेवलेल्या.

त्या ढगाखाली, त्या गालिच्यासारख्या गवतात ती दोन काळीभोर वर्तुळं बघून मी धुतलेल्या कपड्यांसकट तिथेच उभी राहिले. तेवढ्यात जागेच्या मालकीणबाई आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कात्री. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका वर्तुळाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि तुटक इंग्रजीत विचारलं की हे काय आहे.

सागर कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलतो. पण त्या घडीला त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. फावडं धरून, मान खाली घालून तो उभा राहिला, आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं पण तोंड उघडत नाही, तेव्हा तो माझ्याकडे असाच बघतो. किंवा खरं सांगायचं तर, ती नजर माझीच होती. मी ती आरशाबाहेर पहिल्यांदा पाहत होते.

मी बोलले. फार शूरपणानं नाही. म्हटलं, आम्ही जिथून आलो तिथे असा ढग दिसला की घराभोवती आधी पाण्याला वाट करून देतात. आणि शेजाऱ्याचं घर सोडून फक्त आपल्याभोवती चर खणणं वाईट दिसतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग डोंगराकडे बघत म्हणाल्या, की तो ढग रोज या वेळी तिथे येऊन बसतो. खाली येत नाही. गवत मात्र दिवे लागण्याआधी जागच्या जागी हवं, आणि त्याला पाणीही घालायचं.

पाऊस आला नाही. पुढे तासाभरात ढगानं हळूच काढता पाय घेतला आणि मागून असं स्वच्छ, सोनेरी ऊन पडलं की माझी तर शरमेनं मान वर होईना. शेजारचं जोडपं परत आलं. मालकीणबाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, आजोबांनी चराच्या कडेला उभं राहून आपल्या बायकोला हात धरून असा सावकाश पलीकडे नेलं, जसं काही ते किल्ल्याचा खंदक ओलांडत होते. मग हसत हसत आत जाऊन पाण्याची झारी घेऊन आले.

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून लाद्या परत लावू लागलो. चराच्या अल्याड मी, पल्याड तो. तो लादी ठेवायचा, मी तळव्यांनी दाबायचे. मग सागर मातीकडेच बघत म्हणाला, आणि त्या बोलण्यात मुलाखत कुठेच नव्हती. औंढ्याच्या अंगणात तो आईशी बोलतो तसंच तो बोलला.

“हॉटेलात गेलो असतो तर काय बोललो असतो मी तुझ्याशी? लय भ्या वाटायचं. तंबू असला की काम तरी असतंय. दोरी वडली, खुंटी मारली, च्या ठेवला, दिस जातोय. म्हनून हट्ट केला.”

मी दाबत होते ती लादी तशीच दाबून धरली. वर्षभर ज्याला मी नाराजी समजत होते ते हे होतं? हा माणूस जगभरच्या खुंट्या ठोकत हिंडत होता, तो माझ्यापासून लांब जायला नव्हे. रिकाम्या हातांनी माझ्यासमोर बसायची त्याला भीती वाटत होती!

“मी रोज विषय ठरवून गाडीत बसायचे,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“म्हणजे आज तुझ्याशी काय काय बोलायचं ते. आधीच्या संध्याकाळी तयारी करायचे. शाळेतल्यासारखी.”

त्यानं हातातली लादी खाली ठेवली. “त्या खाऊचं... लहानपनी काय आवडायचं इचारलंतस ते?”

“तयारीतलंच.”

तो इतका हसला की मागच्या मागे गवतात बसला, आणि आजोबांनी झारी थांबवून चौकशीच्या नजरेनं आमच्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार? मीही हसत होते, आणि मधेच कधीतरी डोळे पुसायला हात वर नेला तर गालाला माती लागली. सागरनं ती पुसायला हात पुढे केला, पण त्याचे हात माझ्याहून मळलेले. अंधार पडायच्या आत गवत जागेवर बसलं होतं; नीट पाहिलं तर दोन फिकट वळसे दिसत होते, एवढंच.

त्यानंतर आम्ही खूप बोलायला लागलो असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आल्प्सचा तो प्रसिद्ध घाट ओलांडून आम्ही इटलीत उतरलो. ज्यांनी तो पाहिला आहे ते त्याचं वर्णन करताना डोळे मिटून घेतात. मी त्याचं वर्णन करू शकत नाही, कारण मी झोपले होते. इतके दिवस त्या सीटवर मी ताठ बसून होते, शांतता फार लांबू नये म्हणून पहारा देत. त्या सकाळी पहारा उठला आणि मान खिडकीला टेकताक्षणी मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा बर्फ मागे राहिलं होतं, उतारांवर द्राक्षाचे मळे लागले होते, आणि फोनमधल्या बाईचा आवाज बंद केलेला होता. उठवलं का नाही, मी विचारलं. सागर म्हणाला, घाट काय, आपल्याकडंबी हाय.

व्हेरोना, व्हेनिस, मग माघारी. पुढची शहरं मला आधीच्यांपेक्षा नीट आठवतात, आणि त्यांच्याविषयी आम्ही एकमेकांशी फारसं काहीच बोललो नाही. निःशब्दतेचेही प्रकार असतात का? एक असते ती थांबलेल्या श्वासासारखी. तिच्यात माणूस सुटकेची वाट बघतो. दुसरी श्वासासारखीच, पण चालू असलेल्या. ती आहे हे लक्षातही येत नाही. पहिलीतून दुसरीत जाणारा रस्ता बोलण्यातूनच जात असेल, तर किती थोडं बोलणं पुरतं! व्हेनिसच्या एका पुलावर पाण्याकडे बघत असताना मला जाणवलं, की आपण बराच वेळ काही बोललेलो नाही, आणि ते जाणवायलाही बराच वेळ गेला.

आता आम्ही औंढ्याला परत आलो आहोत. खाचरांतले तंबू पुढच्या हंगामापर्यंत गुंडाळून माळ्यावर गेलेत, माझी शाळा उघडली आहे. प्रवासाचं काय काय पाहिलं ते सागरनं सगळ्या गावाला सांगून झालं. चराची गोष्ट तर तो साभिनय सांगतो, आणि आजोबांच्या खंदक ओलांडण्यावर आबा दर वेळी तितकेच हसतात. चुलतसासूंना मी अजून शिष्टच वाटते. वाटू दे. तेही कधीतरी सुटेल.

परवा रविवारी दुपारी पडवीत सागर आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मध्ये सूप, दोन्ही बाजूंना टरफलं. आई आतून दोन-तीनदा डोकावून गेल्या. शेवटी दारातच उभ्या राहिल्या.

“भांडलाव का काय रं?”

“न्हाई, आई.”

“मग? मघाधरनं बगतीया, एक सबूद न्हाई दोघांचा.”

सागर काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, “काही नाही आई. असंच. बरं वाटतंय.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग पदर खोचून आमच्यात खाली बसल्या, सूप आपल्याकडे थोडं ओढून घेतलं आणि एक शेंग उचलून फोडली. त्याही मग काही बोलल्या नाहीत.